वसतिगृहाच्या सांडपाण्यावरून साथ आधी कळते का?

रेक्टर मॅडम, तुमच्या अडीचशे मुलींच्या वसतिगृहात मागच्या पावसाळ्यात एकापाठोपाठ नऊ जणींना कावीळ झाली. आता तुम्ही विचारताय की सांडपाणी तपासून साथ आधी ओळखता येते का आणि त्यासाठी नमुने घेणारं मशीन घ्यावं का. ओळखता येते. मशीन मात्र एवढ्यात घेऊ नका.

कावीळ 'ए' प्रकारची असेल तर डोळे पिवळे व्हायच्या एक-दोन आठवडे आधीपासूनच विषाणू शौचातून बाहेर पडत असतो. मुलगी तेव्हा वर्गात बसते, मैत्रिणीच्या ताटात जेवते, आणि संसर्गही तेव्हाच सगळ्यात जास्त होतो. कोविडमध्येही लक्षणांआधी हे दिसलं. ऑगस्ट 2020 मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना विद्यापीठाला एका वसतिगृहाच्या सांडपाण्यात विषाणू सापडला. लगेच तिथल्या 311 जणांची तपासणी झाली आणि काहीही त्रास नसलेले दोन बाधित सापडले. आपल्या मुंबईत तर पोलिओसाठी 2001 पासून गटाराचं पाणी तपासतात.

नमुना घ्यायला गॉज, म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड, पुरतं. 1948 मध्ये इंग्लंडमध्ये मूर नावाच्या सूक्ष्मजीवतज्ज्ञाने पॅराटायफॉइडचे वाहक शोधायला गॉजची घडी दोरीला बांधून गटारात सोडली होती. ती पद्धत आजही वापरतात. हातभर नायलॉनची दोरी, टोकाला घट्ट बांधलेलं गॉज, दुसरं टोक झाकणाच्या कडीला. एक-दोन दिवसांनी काढलं की ते काळपट, बुळबुळीत आणि जड झालेलं असतं. ते पिशवीत घालून बर्फाच्या डब्यात ठेवायचं. हे सगळं वरूनच करायचं. चेंबरमध्ये कुणालाही उतरवू नका, आतल्या वायूने माणूस क्षणात जातो.

माझी एक चूक सांगते. एका वसतिगृहात आम्ही एकदाच बाटली बुडवून नमुना घेतला, तोही पाण्याच्या दिवशी. आपल्याकडे तीन-चार दिवसांनी पाणी आलं की बादल्या, चादरी, गाद्यांच्या खोळी, सगळं एकदम धुवायला निघतं. चेंबरमध्ये नुसता साबणाचा फेस होता. अहवाल स्वच्छ आला, आणि त्याच आठवड्यात तीन मुली आजारी पडल्या. तेव्हापासून मी पाण्याचा दिवस टाळते. सोमवारही टाळते, कारण सुट्टीला घरी जाऊन बार्शी-अक्कलकोटहून परतलेल्या मुलींमुळे गावाकडचा संसर्ग कोणता आणि वसतिगृहातला कोणता, ते कळत नाही.

प्रयोगशाळेला मिरचीवरचा विषाणूही मोजायला सांगा. मिरचीच्या झाडाचा हा विषाणू खाण्यातून पोटात जातो, आपल्याला अपाय करत नाही आणि शौचातून बाहेर पडतो. तिखट शेंगा चटणी रोज खाणाऱ्या वसतिगृहात तो भरपूर मिळायला हवा. कमी मिळाला तर नमुना पातळ झालाय, 'निगेटिव्ह'वर विश्वास ठेवू नका. तपासणीसाठी वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाशी आधीच बोलून ठेवा.

सेप्टिक टाकी असेल तर नमुना टाकीत शिरणाऱ्या पाइपच्या चेंबरमधून घ्या. टाकीतला गाळ महिनोन्‌महिने तसाच पडून असतो, त्यात जुन्या साथीच्या खुणा सापडतील.

आणि हे सगळं करायच्या आधी, उद्यापासूनच, पिण्याच्या टाकीची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून दाखवणारी चाचणी) सुरू करा. नळाशी निदान 0.2 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 0.2 मिलिग्रॅम, क्लोरीन मिळायलाच हवं. मैल्याची लाइन पाण्याच्या पाइपला कुठे ओलांडते तेही पाहून घ्या. कावीळ बहुतेक वेळा तिथूनच शिरते.

सांडपाणी इमारत सांगतं, नाव सांगत नाही. म्हणून नमुना पॉझिटिव्ह आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं ते आत्ताच कागदावर लिहा : पाणी उकळणार कोण, डॉक्टरांना फोन कोण करणार, मुलींना काय सांगणार. कुठल्याही मुलीकडे बोट दाखवलं जाणार नाही, हे पालकांनाही आधीच कळवा. मुली घाबरून आजार लपवायला लागल्या तर गॉज टाकून काही उपयोग नाही.

चेंबरचा कच्चा नकाशा काढून पाठवा. कुठल्या झाकणाखाली दोरी सोडायची ते मी सांगते.