पियानो ‘चालू आहे’ म्हणजे नक्की काय, ते आधी विचारा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर महिन्याला एक, अशी चार पियानो रिसायटल, म्हणजे एकेका वादकाच्या मैफली. चारही वादकांचे होकार आलेत, सभागृह ठरलंय, तिथे जुना पण मोठा ग्रँड पियानो आहे आणि ‘पियानो चालू आहे, काळजी करू नका’ असं तिथल्या कार्यालयाने फोनवर सांगितलंय. तुम्ही विचारलंय ते तिकिटाचा दर आणि प्रसिद्धी यांबद्दल. त्यावर वर बऱ्याच जणांनी चांगलं लिहिलंय, त्यात मी भर घालत नाही. मला लिहायचंय ते त्या ‘चालू आहे’बद्दल. नेमक्या याच दोन शब्दांवर विसंबून आम्ही आमच्या पहिल्या मालिकेतली सगळ्यांत चांगली होऊ शकली असती अशी संध्याकाळ घालवली.

आधीच सांगतो, मी ट्यूनर, म्हणजे पियानोचे स्वर जुळवणारा, नाही आणि वादकही नाही. आम्ही पाचसहा जण नोकऱ्या सांभाळून दहाएक वर्षं असे कार्यक्रम करतोय, एवढाच माझा अधिकार. वाद्याच्या बाबतीत शेवटचा शब्द तुमच्या ट्यूनरचा.

आमचा तो कार्यक्रम नोव्हेंबरमधल्या एका शनिवारी होता. वादक बाई पोलंडच्या, मुंबईतला कार्यक्रम आटोपून गाडीने आमच्याकडे आल्या होत्या. मध्यंतरापूर्वी शोपँ आणि नंतर शूबर्ट, दोघेही रचनाकार. शूबर्टचा शेवटचा, बी फ्लॅट मेजरमधला सोनाटा, म्हणजे अनेक भागांची मोठी रचना. १८२८ च्या सप्टेंबरात त्याने तो पुरा केला आणि नोव्हेंबरात तो गेला. चाळीसेक मिनिटांची ही रचना बहुतांश हळू आवाजात चालते. तिच्यात लपवायला कुठेही जागा नाही.

ट्यूनर मुंबईहून बोलावले होते. सकाळी दहाला ते बसले आणि पाहिलं तर एसी बंद. रखवालदार म्हणाला, एसी कार्यक्रमाच्या आधी एक तास. मी कार्यालयात गेलो. तिथल्या बाबूंनी छापील नियम पुढे केला. विजेचे पैसे आम्ही भरतो म्हटलं, तर ‘पावती कुठल्या खात्यात फाडू?’ वरचे साहेब बाहेर गेलेले, फोन उचलत नव्हते. चार खेपा घातल्या. मग दारं-खिडक्या उघड्या टाकून, दुपारच्या उकाड्यात ट्यूनरनी दीड वाजेपर्यंत काम संपवलं. पियानो सुंदर लागला होता, मी स्वतः ऐकला. मनात म्हटलं, एसीने असा काय फरक पडणार आहे! आणि ट्यूनरची मुक्कामाची सोय वाचावी म्हणून त्यांना चारच्या बसमध्ये बसवून दिलं. माझी सगळ्यांत महागात पडलेली चूक ती हीच.

फरक काय पडतो ते सांगतो. मोठ्या ग्रँड पियानोत अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांसाठी सव्वादोनशेच्या वर तारा असतात आणि त्या सगळ्यांचा मिळून ताण वीस टनांच्या घरात जातो. तारा ताणलेल्या असतात बिडाच्या चौकटीवर आणि खालून त्यांना उचलून धरते ती साउंडबोर्डची पातळ, किंचित फुगीर लाकडी फळी. हवेतला दमटपणा वाढला की ही फळी फुगते आणि स्वर चढतो, हवा कोरडी झाली की बसते आणि स्वर उतरतो. हे काही दिवसांत, आठवड्यांत घडतं. तारा मात्र मिनिटांत बदलतात. वरून थंड झोत आला की आखडतात, रंगमंचाचे दिवे तापले की सैल पडतात. चौकट हळू बदलते, बारीक तारा लगेच बदलतात आणि खर्जाच्या तांब्याची गुंडाळी असलेल्या जाड तारा वेगळ्याच चालीने. सगळा पियानो एकसारखा चढला किंवा उतरला असता तर फार कोणाला कळलं नसतं. पण ही मंडळी आपापल्या वेगाने जातात आणि दुपारी जुळवलेले स्वर रात्री एकमेकांशी भांडतात. त्यातून आमचा पियानो बरोबर एसीच्या झडपेखाली होता.

शोपँ निभावून गेला. शूबर्टच्या दुसऱ्या भागात, त्या संथ भागात, डावा हात सी शार्प हा एकच स्वर वेगवेगळ्या सप्तकांत पुन्हापुन्हा वाजवत राहतो, उजव्या हाताच्या चालीवरून पलीकडे उडी मारून वरचाही तोच स्वर घेतो. खालचा सी शार्प, मधला सी शार्प, वरचा सी शार्प. तंबोऱ्याचा जोड न लागता खर्ज छेडत राहावा तसं ते ऐकू येत होतं. मधल्या स्वराच्या तीन तारांपैकी एक हलली होती आणि तो प्रत्येक वेळी लांबताना ‘वाँव-वाँव’ असा डोलत होता. आमच्या श्रोत्यांत निम्मे लोक गाणं ऐकणारे, त्यांना पियानोतलं काही कळत नसलं तरी बेसूर कळतो. तिसऱ्या रांगेतल्या एका वयस्कर बाईंनी मान खाली घातली ती तो भाग संपेपर्यंत वर केली नाही.

कार्यक्रमानंतर वादक बाई एक शब्दही रागाने बोलल्या नाहीत. सगळे गेल्यावर मला पियानोपाशी बोलावलं, दोन सी शार्प एकदम दाबून धरले आणि माझ्याकडे पाहिलं. ती डोलणारी लाट विरेपर्यंत हात उचलला नाही. मी त्यांना आधी मेल केला होता, ‘वाद्य उत्तम स्थितीत आहे’. ते वाक्य कार्यालयाचं होतं, मी न तपासता पुढे पाठवलं होतं. सही माझी होती.

आपल्याकडे गायक मंचावर बसून तंबोरे लावतो, मैफलीच्या मध्येही खुंटी पिळतो आणि आपण शांत बसून राहतो. पियानोवादकाला ती सोय नाही. बहुतेक वादक परक्या गावात परक्या वाद्यासमोर बसतात, आधी दुसऱ्या कोणी ते जसं लावून ठेवलं असेल तसं. क्रिस्टियान झिमरमानसारखा वादक स्वतःचं वाद्य घेऊन हिंडतो आणि ग्रिगोरी सोकोलोव कार्यक्रमाआधी तासन्‌तास सभागृहाच्या पियानोशी घालवतो, ते काही उगाच नाही. पियानो आणि कार्यालयं यांचं दुखणंही जुनंच आहे. १८३८ च्या हिवाळ्यात शोपँ स्पेनच्या मायोर्का बेटावर होता, पॅरिसहून त्याच्यासाठी प्लेयल कंपनीचा पियानो निघाला आणि जकातीत अडकून पडला. सुटून हातात आला तेव्हा तिथून निघायची वेळ जवळ आली होती. प्रेल्यूड्स या छोट्या रचनांचं बरंचसं काम त्याने तोवर तिथल्याच एका साध्या पियानोवर केलं.

आता एसीचा तोडगा, कारण भांडून काही मिळत नाही हे मी पाहिलंय. रिसायटलच्या दिवशी सकाळचं सत्रही तुमच्याच नावावर घ्या आणि अर्जात ‘तालीम’ लिहा. तालमीच्या सत्राला बहुतेक ठिकाणी एसी मिळतो आणि बाबूला पावती फाडायला खातंही मिळतं. पैसे जातात, पण आम्ही दुसऱ्या वर्षापासून हेच करतो आणि पुन्हा कोणापुढे हात जोडावे लागले नाहीत. तुमच्याकडचे नियम वेगळे असतील, तेव्हा आधी लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. ट्यूनिंग चालू असताना एसी आणि रंगमंचाचे दिवे संध्याकाळी असतील तसेच हवेत. पियानोची जागाही तीच. ट्यूनिंगनंतर तो कोणीही, फुलवालाही, सरकवायचा नाही. आणि ट्यूनरला मध्यंतरापर्यंत थांबवा. पंधरा मिनिटांत ते चारपाच हललेल्या तारा जागेवर आणतात. त्यांच्या एका रात्रीच्या मुक्कामापेक्षा स्वस्त विमा तुम्हाला मिळणार नाही.

दोनशे-चारशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून पियानोशेजारी ठेवा आणि आजपासून रोज आकडा लिहा. पन्नास टक्क्यांच्या आसपास असेल तर छान. आपल्याकडे पावसाळ्यात तो ऐंशीच्या वर जातो आणि फेब्रुवारीच्या दुपारी तिशीतही येतो. म्हणजे तुमची मालिका नेमकी फळी बसत जाण्याच्या काळात आहे. नोव्हेंबरात लावलेला पियानो जानेवारीत लागलेला सापडणार नाही. चार कार्यक्रमांना चार ट्यूनिंग धरा, शिवाय पहिल्याच्या दोन आठवडे आधी एक जास्तीचं. वर्षानुवर्षं हात न लागलेला पियानो असेल तर आधी सगळा ताण ढोबळमानाने वर आणावा लागतो आणि मग बारीक काम. एका बैठकीत दोन्ही केलं तर दुसऱ्या दिवशी उतरतो. जुन्या तारा या वेळी तुटूही शकतात, बदली तारा हाताशी असाव्यात.

यावरूनच तुमच्या क्रमाबद्दल. तुम्ही बाखचं गोल्डबर्ग व्हेरिएशन्स पहिल्याच महिन्यात ठेवलंय. माझं स्पष्ट मत, ते हलवा. त्याने ते हार्प्सिकॉर्ड या पियानोआधीच्या वाद्यासाठी लिहिलं, तेही पट्ट्यांच्या दोन फळ्या असलेल्या. पियानोवर दोन्ही हात एकाच फळीवर एकमेकांत गुंततात, एकाच पट्टीवर लागोपाठ दोन बोटं येतात आणि एखादी पट्टी परत वर यायला आळशी असेल तर ते तिथेच उघडं पडतं. सगळ्या पुनरावृत्ती घेतल्या तर पाऊण तासाच्या कितीतरी वर, सव्वा तासापर्यंत जातं, तेही मध्यंतराशिवाय. म्हणजे ट्यूनरला आत शिरायला फटच नाही. पावसाळ्यातून नुकत्याच बाहेर आलेल्या वाद्यावर ही जोखीम घेऊ नका. शोपँच्या चोवीस प्रेल्यूड्सचा कार्यक्रम नोव्हेंबरात आणा, तुमचे ते वादक दोन्ही तारखांना मोकळे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. गोल्डबर्ग जानेवारीत, पियानो दोनतीनदा लावून स्थिरावल्यावर. प्रोकोफियेवचा सातवा सोनाटा शेवटी ठेवलाय ते उत्तम. त्याच्या घणाघाती शेवटच्या भागानंतर पियानोला पुन्हा काळजीपूर्वक लावल्याशिवाय शूबर्टसाठी कोणी बसू नये. तो भाग सातच्या चालीत आहे, दोन-तीन-दोन. माहितीपत्रकात रूपक तालाच्या तीन-दोन-दोनशी तुलना करून दोन ओळी लिहा. आमच्याकडे तेवढ्यावरून तबल्याचे पाच विद्यार्थी तिकीट काढून आले होते.

डिसेंबरच्या तारखेबद्दल, पुण्याहून श्रोते यावेत असं वाटत असेल तर सवाई गंधर्वचे दिवस सोडून बघा. आणि लग्नाचे मुहूर्तही बघा, हे गंभीरपणे सांगतोय. सभागृहाशेजारी मंगल कार्यालय असेल तर साडेसातच्या वरातीपुढे शूबर्ट टिकत नाही.

परवान्याचा प्रश्न कोणीतरी खाली विचारलाय. मी वकील नाही, तेव्हा खात्री करून घ्या, पण आपल्या कायद्यात संगीतरचनेवरचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं चालतो. बाख, शूबर्ट, शोपँ यांचा प्रश्नच नाही. प्रोकोफियेव १९५३ मध्ये गेला, त्याचीही मुदत संपली. तुमच्या तिसऱ्या वादकाच्या यादीत फ्रेंच रचनाकार मेसियाँ आहे, तो १९९२ मध्ये गेला, तिथे मात्र रीतसर विचारणा करा. कार्यक्रमपत्रिकेच्या एका प्रतीवर प्रत्येक रचनाकाराचं मृत्युवर्ष लिहून जवळ ठेवा. दारात कोणी आलं की कागद पुढे करता येतो.

उद्‌घाटनाला समई लावणार असाल तर ती पियानोपासून दूर, रंगमंचाच्या दुसऱ्या टोकाला. हार, गुच्छ, पाण्याचा पेला, पाहुण्यांची शाल, यांतलं काहीही पियानोच्या झाकणावर ठेवू द्यायचं नाही. आमच्याकडे एका स्वागताध्यक्षांनी ओला गुच्छ ठेवला, त्याचा पांढरा डाग अजून आहे. ध्वनिवाल्याला माइक पियानोत खुपसू देऊ नका. चारपाचशे खुर्च्यांच्या बऱ्या सभागृहात उघड्या झाकणाच्या ग्रँडला माइक लागत नाही. डावीकडच्या खुर्च्या आधी भरतील, कारण तिथून हात दिसतात. आवाज ऐकायला येणाऱ्याला उजवीकडे बसवा.

ह्या आठवड्यात एकच करा. स्वतः सभागृहात जा. पियानोवरचं आवरण काढा, सगळ्यांत खालच्या पट्टीपासून वरच्यापर्यंत अठ्ठ्याऐंशी पट्ट्या एकेक करून सावकाश दाबा. दाबून धरा, विरेपर्यंत ऐका, मग सोडा. डोलणारे स्वर, सोडल्यावरही गुणगुणत राहणारे स्वर, वर न येणाऱ्या पट्ट्या, तिन्ही वेगळे लिहा. पेडल दाबून कुरकुरतंय का बघा. सगळं फोनवर रेकॉर्ड करून ट्यूनरला पाठवा म्हणजे ते तारा आणि फेल्ट बरोबर घेऊनच निघतील. आणि झाकणाची किल्ली कोणाकडे असते ते नाव आणि फोन नंबरसकट लिहून घ्या. आमच्या दुसऱ्या वर्षी ती रजेवर गावी गेलेल्या माणसाच्या खिशात होती आणि ट्यूनर सकाळी दहापासून साडेअकरापर्यंत बंद पियानोसमोर खुर्चीवर बसून होते.