जुन्या कॉम्प्युटरचे काळे-पांढरे आयकॉन आजही इतके का आवडतात?

रंग नाही, छटा नाही, नुसते ठिपके, मग ॲपलच्या १९८४च्या मॅकिंटॉश (मॅक) कॉम्प्युटरच्या आयकॉनचं कौतुक निव्वळ जुन्या आठवणींपोटी होतं का, असं तुम्ही विचारलंय. आठवणींचा वाटा आहेच. पण मी डिझाइनचं काम करतो आणि तो कॉम्प्युटर उभ्या जन्मात न पाहिलेली पोरंही ते आयकॉन बघून खूश होतात, हे मी पाहतो. म्हणजे गोम चित्रातच आहे.

ते आयकॉन सुझन केअर यांनी काढले. कॉम्प्युटरशी त्यांचा काडीचा संबंध नव्हता. कलेत पीएच.डी. केलेल्या, आणि शिल्पं करायच्या. ॲपलमधल्या अँडी हर्ट्झफेल्ड या शाळेतल्या मित्राचा फोन आला तेव्हा त्या एका संग्रहालयासाठी लोखंडी रानडुक्कर वेल्डिंग करून घडवत होत्या. मित्राने सांगितलं, आलेखाची वही घे, ३२ बाय ३२ चौकोन आख आणि त्यातले हवे तेवढे काळे कर. एकूण १०२४ चौकोन. करडा रंगसुद्धा नाही, एकेक ठिपका काळा किंवा पांढरा. पडद्यावर हे सगळं जेमतेम ११ मिलिमीटरचं. पण मॅटीच्या कापडावर क्रॉस स्टिच भरणाऱ्या कुणालाही हे नवं नाही: गोलाई हवी असेल तरी पायऱ्यापायऱ्यांनीच जावं लागतं. केअर यांना भरतकाम आणि मोझेक दोन्हींची सवय होती, त्यामुळे त्यांना ही चौकट जाचली नाही.

एवढ्याशा जागेत तपशील मावत नाही, म्हणून काय गाळायचं ते आधी ठरवावं लागतं. कचऱ्याच्या डब्याला झाकण, कडी आणि दोन-चार उभ्या रेघा, संपलं. तो अमुक एका घरचा डबा नाही, म्हणून कुठलाही डबा आहे. सुरू होताना हसणारा कॉम्प्युटर घ्या: दोन डोळे, एक नाक, एक ओठ. घाबरत घाबरत पहिल्यांदा बटण दाबणाऱ्या माणसाला त्याने किती धीर दिला असेल! (बिघाड झाल्यावर दिसणारा वातीचा बॉम्बही त्यांचाच. तो सामान्य माणसाला सहसा दिसणार नाही असं त्यांना सांगितलं होतं म्हणे. दिसला, भरपूर दिसला.) आयकॉन रस्त्यावरच्या वाहतूक-चिन्हासारखा असावा, कथाचित्रासारखा नव्हे, असं केअर सांगतात.

याचा उत्तम नमुना म्हणजे मॅकच्या कीबोर्डवरच्या कमांड या बटणावरचं चार कानांचं चिन्ह (⌘). आधी तिथे आणि मेन्यूतल्या शॉर्टकटांपुढे ॲपलचा लोगो होता. मेन्यूत जिकडेतिकडे सफरचंदं पाहून स्टीव्ह जॉब्ज वैतागले. मग केअर यांनी चिन्हांचा कोश चाळला आणि स्वीडनमध्ये प्रेक्षणीय जागा दाखवायला वापरतात ते चिन्ह उचललं. त्याचा कमांडशी अर्थाअर्थी संबंध नाही, पण आकार एकदा पाहिला की विसरत नाही. चाळीस वर्षं झाली, अजून कीबोर्डवर आहे.

आता आजच्याकडे या. आयफोनपासून गोल कोपऱ्यांचा चौकोन आला, २०२०च्या बिग सर या मॅकच्या सॉफ्टवेअर आवृत्तीत तो मॅकवरही पसरला. त्याआधी मॅकवर एखादा आयकॉन गोल, एखादा तिरपा, कशातून ब्रश बाहेर आलेला, कडेवरूनच कळायचं. सगळ्यांना एकच गणवेश घातल्यावर ओळखायला उरतो तो रंग. आणि गुगलने त्याच वर्षी जीमेल, कॅलेंडर, ड्राइव्ह, मीट सगळ्यांना तेच चार रंग वाटून टाकले! मला तो बदल अजिबात पटलेला नाही. ड्राइव्ह उघडायला जातो आणि मीट उघडतं. ब्रँड एकसारखा दिसतो हे खरं, पण बोटांना त्याचं काय.

करून पाहायचं असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये पडदा काळा-पांढरा करा आणि नेहमीची ॲप शोधा. कुठला आयकॉन निव्वळ आकारावर उभा आहे ते लगेच दिसेल. व्हॉट्सॲपचा बुडबुड्यातला फोन तगतो, बऱ्याच बँकांची ॲप तगत नाहीत.

जाता जाता, तुम्ही मॅक कधी वापरला नसला तरी केअर यांचं काम बहुतेक पाहिलंय. १९९०च्या विंडोज ३.० मधल्या सॉलिटेअरचे पत्ते त्यांनीच काढले होते.