नकाशातला पलंग मोजून पाहा

या वेळी वास्तुरचनेबद्दल आलेल्या पत्रांमध्ये एक वाक्य पुन्हा पुन्हा भेटलं: "आम्हाला त्यातलं काही कळत नाही." वाचून वाईट वाटलं, कारण ते खरं नाही. दुपारी कुठल्या खिडकीचा पडदा ओढायचा, पावसाची झड कुठून येते, पाहुण्यांना कुठे बसवायचं हे ज्याला ठाऊक आहे त्याला वास्तुरचना कळतेच. कळत नाही ती आम्हा वास्तुविशारदांची भाषा, आणि तो दोष आमचा.

डोंबिवलीच्या एक वाचक भगिनी लिहितात: आमच्या सोसायटीचा पुनर्विकास ठरतोय. बिल्डरच्या आर्किटेक्टने पडद्यावर नकाशे दाखवले, सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी आल्यावर लक्षात आलं, मला काहीच समजलेलं नाही. विचारायचं तरी काय?

माना डोलावणाऱ्यांपैकी निम्म्यांनाही समजलं नसणार, त्यामुळे संकोच नको. प्लॅन म्हणजे काय? घर जमिनीपासून चारेक फुटांवर सुरीने आडवं कापलं, वरचा भाग उचलून बाजूला ठेवला आणि वरून आत डोकावलं, की जे दिसतं ते. सेक्शन म्हणजे उभा काप, पाव कापल्यासारखा. छताची उंची आणि जिना त्यात कळतो. दारापाशी पाव वर्तुळ काढलेलं असतं, ते दार उघडताना अडवतं तेवढ्या जागेचं.

पहिलं काम म्हणजे मापं लिहिलेली छापील प्रत मागा. पडद्यावर काहीच मोजता येत नाही. मग नकाशातला पलंग मोजा. जाहिरातीच्या चित्रात पलंग आणि सोफा लहान काढले की खोली ऐसपैस दिसते. आपल्या घरातला दोघांचा पलंग साधारण ६ फूट रुंद आणि सव्वासहा फूट लांब असतो. १० बाय १०च्या खोलीत तो भिंतीला टेकवा, समोरच्या भिंतीला २ फूट खोल कपाट लावा. मध्ये उरतात पावणेदोन फूट. कपाटाचं दार उघडून समोर उभं राहायला तेवढे पुरत नाहीत.

क्षेत्रफळ विचाराल तेव्हा '२०१६च्या रेरा कायद्याप्रमाणे कार्पेट किती' असंच विचारा. त्यात घरातल्या मधल्या भिंती धरतात; बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी धरत नाहीत. बाल्कनीचा आकडा वेगळा मागा. नकाशावर उत्तर दिशा दाखवायला लावा, म्हणजे पश्चिमेची दुपार कुणाच्या खोलीत येणार ते लगेच कळेल. कपडे कुठे वाळणार, गॅसचा सिलिंडर कुठून आत येणार, रात्री सासूबाईंना बाथरूमपर्यंत किती वळणं घ्यावी लागणार, हे सगळे वास्तुरचनेचेच प्रश्न आहेत.

आणि एका रविवारी पार्किंगमधल्या गाड्या हलवून अख्खा फ्लॅट खडूने खऱ्या मापात आखा. हे सांगते ते अनुभवावरून. नवखी असताना एका गावात घर बांधत होते. मालकांनी तीनदा नकाशा पाहून होकार दिलेला. लाइनआऊटच्या दिवशी जमिनीवर फक्कीच्या पांढऱ्या रेघा पडल्या, तशा त्यांच्या आई रेघांच्या आत शिरल्या. ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या, पोळी लाटावी तसे हात हलवले आणि मान वळवून म्हणाल्या, "पोरी, इथनं दार दिसत न्हाई." दारात कोण आलं हे त्यांना आयुष्यभर चुलीपासून दिसत आलं होतं. आम्ही एक भिंत दोन फूट मागे घेतली. कागदावर ती गोष्ट तीन महिन्यांत कुणालाच दिसली नव्हती, मलाही नाही.

नाशिक जिल्ह्यातले एक शिक्षक विचारतात: सातवीच्या मुलांना सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर दाखवायला नेतो. "हे हेमाडपंती आहे" यापलीकडे काय सांगू?

सर, तो शब्द थोडा वेळ बाजूलाच ठेवा. हेमाडपंत तेराव्या शतकातला, यादवांच्या दरबारातला. अंबरनाथचं शिवमंदिर त्याच्या कितीतरी आधीचं, १०६० सालचं, तरी आपण त्यालाही सर्रास हेमाडपंती म्हणतो. एक शब्द सांगितला की मुलांना सगळं समजल्यासारखं वाटतं आणि बघणं थांबतं.

आधी आवारात मोकळं फिरू द्या. एकाच उंच जोत्यावर पाच मंदिरं आहेत, मध्ये महादेवाचं मोठं आणि चार कोपऱ्यांत चार लहान. ही पंचायतन रचना मुलांनी स्वतः मोजून सांगावी. मग नंदीपासून गाभाऱ्यापर्यंत सगळ्यांना सावकाश, न बोलता चालू द्या. बाहेरचं ऊन, मंडपातला अर्धा उजेड, अंतराळातली, म्हणजे गाभाऱ्याआधीच्या छोट्या जागेतली सावली, गाभाऱ्यातला अंधार. पायाखालचा दगड कुठे गार लागायला लागला? आपण आवाज कुठे खाली आणला? बाहेर आल्यावर हे विचारा. कारागिराने उजेड पायरीपायरीने कमी केलाय, हे त्यांच्या अंगाला आधीच कळलेलं असेल. तुम्ही फक्त त्याला शब्द द्यायचे.

शिखराकडे पाहताना सांगा, की लहान लहान शिखरांच्या रांगा रचत मोठं शिखर झालंय. एका ओळीत किती, वर जाताना ती कशी बारीक होतात, हे वहीत काढू द्या. चित्र वाकडं आलं तरी चालेल. काढताना नजर दगडावर राहते.

वर्गात परतल्यावर एक प्रयोग करा. पाच सारखी पाठ्यपुस्तकं टेबलाच्या कडेला एकावर एक रचा, प्रत्येक वरचं पुस्तक खालच्यापेक्षा थोडं पुढे सरकवा. वरच्या पुस्तकांना जास्त सरकवता येतं, खालच्यांना कमी. नीट जमलं तर सगळ्यात वरचं पुस्तक पूर्णपणे टेबलाबाहेर अधांतरी राहतं. चुन्याचा वापर न करता दगडाचा एकेक थर पुढे काढत छत मिटवायची जुनी रीत याच तत्त्वावर उभी आहे; तिथे दगडाच्या मागच्या टोकावर वरचं वजन बसतं, म्हणून तो पुढे कलंडत नाही. पुस्तकं दोनदा पडतील, पडू द्या.

मुंबईचा एक विद्यार्थी: नावाजलेल्या आधुनिक इमारती पाहतो, पण मला त्यात काँक्रीटच दिसतं. त्यात नेमकं काय पाहायचं?

इमारतीने कुठली अडचण सोडवली ते शोध. कंबाला हिलवरची कांचनजंगा इमारत बघ, वास्तुविशारद चार्ल्स कोरियांनी रचलेली, १९८३ सालची, ३२ घरांची. कोपरे कुणीतरी चावून खाल्ल्यासारखा पांढरा मनोरा. ते कोपरे का खाल्ले? मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारासुद्धा तिकडूनच. जुन्या बंगल्यांनी यावर घराभोवती व्हरांडा फिरवला होता. आपल्या कोकणातली पडवी तेच काम करते: वारा येऊ देते, झड अडवते. कोरियांनी ती पडवी उचलून उंच मनोऱ्यात नेली, दोन मजली उंचीचे गच्चीबाग कोपरे केले. पडवीत बसून पाऊस पाहिलेल्या कुठल्याही माणसाला ही इमारत समजू शकते. तिला परदेशी शैलीची नावं चिकटवली, की तोच माणूस दूर जातो.

मग लोकल पकडून बेलापूरला जा. कोरियांचीच आर्टिस्ट व्हिलेज वसाहत तिथे आहे. सात सात घरं एकेका छोट्या अंगणाभोवती, अंगण साधारण ८ बाय ८ मीटर. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, कारण पुढे प्रत्येकाला आपलं घर वाढवता यावं. लोकांनी वाढवलीही, काहींनी तर पाडून नवी बांधली. मूळ रूप बिघडलं म्हणून हळहळणारे भेटतील. मला मात्र तिथे गेलं की बरं वाटतं: घर आपल्या मनासारखं बदलायला तिथे कुणाला आर्किटेक्टची भीती वाटली नाही.

पुण्याच्या एक गृहिणी: वास्तुशास्त्राप्रमाणे घर असणं आणि चांगली वास्तुरचना असणं, एकच का?

नाही. दिशांचा विचार दोन्हीकडे आहे, आणि ऊन-वाऱ्यावर टिकणारा भाग मी आनंदाने घेते. पण पश्चिमेच्या खिडकीला छज्जा हवा, हे उन्हाकडे पाहून ठरवावं. श्रद्धेने देवघर अमुक कोपऱ्यात हवं असेल तर जरूर ठेवा; त्यासाठी खोलीचा वारा मात्र बंद करू नका.

कोल्हापूरचा एक तरुण आर्किटेक्ट: लोक मोबाइलवरचा फोटो दाखवून "असंच एलेव्हेशन करा" म्हणतात, म्हणजे घराची दर्शनी बाजू. त्यांना कसं समजावू?

फोटो नाकारू नकोस, त्यातलं काय आवडलं ते विचार. बहुतेक वेळा मोठी खिडकी किंवा मोकळा जिना निघतो, आणि तिथून बोलणं सुरू होतं. 'स्पेस', 'व्हॉल्यूम', 'कॉन्सेप्ट' हे शब्द महिनाभर तोंडातून काढू नकोस. ओटा, उंबरा, कट्टा, अंगण, कवडसा हे वापर. आणि शक्य तेव्हा करून दाखव. पुण्यात जन्मलेले वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी, वास्तुरचनेतला २०१८चा प्रित्झकर पुरस्कार मिळालेले, त्यांनी इंदूरच्या अरण्य वसाहतीत हेच केलं. गरीब कुटुंबांना जोतं, नळ आणि संडासाची सोय असलेला प्लॉट द्यायचा, घर त्यांनी जमेल तसं वाढवायचं. काय काय होऊ शकतं हे लोकांना डोळ्यांनी दिसावं म्हणून तिथे ८० नमुना घरं बांधली होती.

सिंगापूरहून एक वाचक: वाईतला आमचा वाडा पुढच्या वर्षी उतरवणार आहेत. वाचवणं हाताबाहेर आहे. निदान काय जपू?

फोटो तुम्ही काढालच. त्याआधी शब्द जपा. आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत असं लिहिलंत; त्यांना देवडीपासून परसापर्यंत हळूहळू चालवत न्या, कुणीतरी फोन सुरू ठेवून मागे राहा. प्रत्येक जागेला त्या काय म्हणतात ते रेकॉर्ड होऊ द्या. ओसरीवर कोण बसायचं, माजघरात बाहेरचं कोण येऊ शकायचं नाही, बाळंतिणीची खोली कुठली, कुठल्या कोनाड्यात दिवा असायचा, खुंटीला काय लटकायचं. भिंती कुणासाठी होत्या हे फक्त त्यांना सांगता येईल, कुठल्याही मोजणीत ते येत नाही.

मग मापं घ्या. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण, आणि वाड्याचा सगळा हिशेब खणांत असतो, म्हणून एक खण नीट मोजला की कच्चा नकाशा घरच्या घरी काढता येतो. कडीपाटाखाली, म्हणजे लाकडी छताखाली उभं राहून सरळ वर बघत एक फोटो घ्या, तुळई खांबावर कशी बसलीय तो सांधा जवळून घ्या. सामान हलवायच्या आधी हे सगळं करा. पलंग आणि फडताळं गेली की आजींनाही जागा ओळखू येणार नाहीत. दिवाळीत येणार आहात, पण तोवर थांबू नका, भावाला याच रविवारी टेप घेऊन पाठवा. आणि माजघराच्या उंबऱ्याचा फोटो काढताना फोन जमिनीलगत धरायला सांगा, म्हणजे मधोमध पडलेली झीज दिसेल.