एकाच चौकटीत दोन नावं

चिऊ,

काल झोपायच्या वेळी आजीने पाठवलेल्या कॅलेंडरवर १ ऑगस्टच्या चौकटीत बोट ठेवून तू विचारलंस, "बाबा, एकाच दिवशी टिळकांची पुण्यतिथी आणि अण्णा भाऊंची जयंती? मग त्या दिवशी रडायचं की हसायचं?" मी पेंगत होतो, 'उद्या सांगतो' म्हणालो. तर हे घे.

लोकमान्य टिळक गेले ते १ ऑगस्ट १९२० ला, मुंबईत, सरदारगृहात. अण्णा भाऊ साठे जन्मले तेही १ ऑगस्ट १९२० लाच, आताच्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात. नुसती तारीख नाही, सालसुद्धा एकच! गांधीजींची असहकार चळवळ सुरू झाली तीही त्याच दिवशी.

रडत कुणीच नाही गं. जयंती असो की पुण्यतिथी, फोटोला हार तोच, उदबत्ती तीच आणि भाषणंही तीच. आमच्या शाळेत टेबलावर पांढरी चादर घालून टिळकांचा फोटो ठेवायचे आणि ओळीने सात-आठ मुलं एकच गोष्ट सांगायची: "मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफलं उचलणार नाही." मी एकदा 'टरफलं'वर असा अडखळलो की पुढचं सगळंच विसरलो.

दुसरा फोटो मात्र त्या टेबलावर कधी दिसला नाही. शाळा सुटली की चौकात हलगी कडाडायची, मिरवणूक निघायची. ती अण्णा भाऊंची, एवढंच ठाऊक. जेमतेम दीड दिवस शाळेत गेलेल्या, वडिलांबरोबर गावाहून मुंबईला चालत आलेल्या या माणसाने 'फकिरा' ही कादंबरी लिहिली, संयुक्त महाराष्ट्रासाठी शाहिरी केली, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. शाळेचा राग येतो तो इथे.

आणि त्याच कॅलेंडरवर शिवजयंती दोनदा छापलीय ती चूक नव्हे. तिथे उलटं आहे: जन्म एक, दिवस दोन. सरकारी जयंती १९ फेब्रुवारीला. तिथी पाळणारे फाल्गुन वद्य तृतीयेला करतात, आणि ती दरवर्षी वेगळ्या तारखेला येते. गंमत बघ, 'पुण्यतिथी'त तिथी आहे, पण टिळकांची आपण तारखेनेच पाळतो.

यंदा १ ऑगस्टला दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवू. भाषण तू कर. फक्त शेंगा नकोत.

तुझा,
बाबा