घरातील ट्रंकेत ट्रंपेटची जुनी सरावपुस्तके सापडली. यूट्यूबच्या काळात ती ठेवावीत की रद्दीत द्यावीत?

रद्दीत मुळीच देऊ नयेत. आपल्या आजोबांच्या ट्रंकेत निघालेल्या पुस्तकांमध्ये फ्रेंच वादक आर्बान यांचा जाडजूड ग्रंथ आणि अमेरिकन वादक क्लार्क यांचे पातळ पुस्तक आहे, असे आपण लिहिले आहे. हीच दोन पुस्तके मला सोलापुरात बाळीवेशीजवळचे आमचे जुने घर रिकामे करताना माळ्यावर सापडली, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

माझे वडील लष्करी बँडमध्ये ट्रंपेट वाजवत असत आणि निवृत्तीनंतर चुलत्यांच्या लग्नाच्या बँडमध्ये आले. चुलत्यांचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, तेव्हापासून एकच गोष्ट ऐकवत आला आहे: बँडवाल्याला कान लागतो, पुस्तक लागत नाही, पुस्तकातून शिकलेल्याचा हात लाकडासारखा होतो. वडिलांनी त्याला कधी उत्तर दिले नाही. पहाटे गच्चीवर बसून ते आपला सराव करत राहिले.

त्यांच्या आर्बानच्या कडांना कसर लागली आहे आणि काही पानांवर बटणांच्या तेलाचे डाग आहेत, परंतु पेन्सिलीच्या खुणा स्पष्ट दिसतात. खालचा 'डी' किंवा 'सी शार्प' हा सूर जिथे जिथे येतो, तिथे त्यांनी 'नळी पुढे' असे लिहिले आहे. पहिले आणि तिसरे बटण एकत्र दाबले की नळीची भर पडते ती हवी त्यापेक्षा किंचित कमी पडते आणि सूर चढतो. तिन्ही बटणे दाबली तर आणखीच चढतो. म्हणून तिसऱ्या बटणाची नळी बोटाने पुढे सरकवावी लागते. आमच्या बँडमध्ये कित्येक वर्षे हे दोन सूर चढेच वाजत होते आणि कानावर विसंबणाऱ्यांपैकी कोणाच्याही कानाला ते खटकले नव्हते.

आर्बान यांनी हा ग्रंथ 1864 मध्ये पॅरिसला प्रसिद्ध केला, तोही मुळात कॉर्नेट या ट्रंपेटसारख्याच वाद्यासाठी. परंतु बटणे आणि बोटे तीच असल्यामुळे ट्रंपेटवालेही तो वापरत आले आहेत. त्यातील 'तु-कु' आणि 'तु-तु-कु' या जिभेच्या पाठांना माझ्या मते आजही तोड नाही. क्लार्क यांचे पुस्तक 1912 चे आहे. त्यातील पहिला पाठ अगदी हलक्या आवाजात, एका श्वासात आठ ते सोळा वेळा वाजवावा अशी सूचना आहे. एप्रिल-मेच्या उन्हात तासन्‌तास वरातीपुढे पूर्ण जोराने फुंकणाऱ्या वादकाचे ओठ सुजतात आणि वरचे सूर फाटू लागतात. हलक्या आवाजाचा सराव ज्याने केला आहे, तो माउथपीस ओठांवर दाबून धरत नाही आणि शेवटच्या गाण्यापर्यंत टिकतो. वडील साठी उलटल्यावरही टिकत होते. दादाच्या बँडमधील तरुण मुले रात्री अकरालाच ट्रंपेट खाली ठेवत असत.

यूट्यूबवरून गाणे बसवता येते, हे मला मान्य आहे. मात्र तिथे माणूस दर आठवड्याला नवी धून उचलतो आणि ज्या चार ओळींवर अडतो, त्या कधीच पुन्हा पुन्हा वाजवत नाही. पुस्तक त्याच चार ओळी समोर धरून ठेवते.

आपण स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता की नाही, हे आपल्या प्रश्नात लिहिलेले नाही. वाचता येत नसेल, तर आधी ते कोणाकडून तरी शिकून घ्यावे लागेल, कारण ही पुस्तके शिक्षकाची जागा घेत नाहीत. शिवाय आपल्याकडील गाण्यांतील मींड आणि मुरकी या पुस्तकांत कुठेच मिळणार नाहीत. त्यासाठी गाणे ऐकावेच लागते, आणि एवढ्यापुरते दादाचे म्हणणे खरे आहे. पण बटण अर्धवट दाबून सूर ओढायचा असेल, तर श्वास आणि ओठ स्थिर लागतात. दादाला त्याच्या कोणत्याही वरातीत ती मींड साधलेली मी ऐकली नाही. माझ्या वडिलांना ती साधत होती.