मुलांशी बोलताना सूर बदलू नकोस

फोंड्याच्या बालवाडीत तू सोमवारी रुजू होणार, म्हणून आधीच सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाशी लाडिक, बोबडं बोलू नकोस. शेजारच्या काकूंशी बोलतेस तसंच बोल, फक्त वाक्यं लहान ठेव. आणि उत्तराची वाट बघ. त्याला शब्द जुळवायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो, तेव्हा मध्येच तोडायचं नाही.

चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, मुलं भरभरून बोलतात. एखादा कोकणीतून सांगेल, "आमगेर माटोळी बांदली", म्हणजे आमच्या घरी गणपतीच्या वर फळं-भाज्या टांगायची चौकट बांधली. लगेच मराठीत दुरुस्त करायला धावू नकोस. खाली बस, त्याच्या डोळ्यांत बघ आणि विचार, "कोणकोणती फळं बांधली?" मग बघ कसा खुलतो तो!

नाक पुसण्याआधी "पुसू का?" म्हण. मागून येऊन कुणी तोंडावर रुमाल लावला तर आपणही दचकूच की. जिथे पर्यायच नाही तिथे मात्र विचारू नकोस, सरळ सांग, "आता हात धुवायचे आहेत."

मला सगळ्यांत खटकतं ते दारातलं बोलणं. आई न्यायला आली की मुलाच्या डोक्यावरून "आज फार रडला हो" सुरू होतं, जणू तो तिथे नाहीच. आधी त्यालाच विचार, "आईला सांगूया का?" स्वतःबद्दलच्या गोष्टींत मत मांडायचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातल्या १२व्या कलमाने मुलांना दिलाय, आणि भारताने तो करार १९९२मध्ये स्वीकारलाय. "नको" म्हणाला, तर आईला संध्याकाळी फोन कर.