आधी कियोचिका बघ

जपानी ठोकळा-छपाई, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठोकळ्यांवरून चित्र छापणं, शिकायची म्हणून लगेच होकुसाई या चित्रकाराच्या त्या प्रसिद्ध लाटेच्या चित्रावर जाऊ नकोस, सगळे तेच करतात. कोबायाशी कियोचिका (१८४७–१९१५) हा छापचित्रांचा चित्रकार घे. एदोचं तोक्यो झालं, गॅसचे दिवे आले, आगगाडी आली. १८७६ ते १८८१ या काळात यानं तो नवा उजेडच कागदावर उतरवला. त्याचं रात्रीचं एखादं चित्र घे आणि दिव्याभोवती बघ. रंग हळूहळू विरत गेलेला दिसेल. हीच बोकाशी: ओलसर ठोकळ्यावर ब्रशनं रंग विरवायचा, वर कागद ठेवून बारेननं, म्हणजे बांबूच्या सालीत गुंडाळलेल्या चकतीनं, कागदाच्या पाठीवरून घासायचं. दर प्रतीला पुन्हा तेच! चित्र त्याचं, पण कोरणारे-छापणारे वेगळे. त्यांची आठवण कुणी काढत नाही, याचा मला रागच येतो. जुनी प्रत हाती आलीच तर आधी उलटून पाठ बघ, बारेनच्या खुणा शोध. हात धुऊन, हं.